नाण्याचा फोनोग्राफ व त्याच्या अस्सलपणाची चिकित्सा

जुन्या बोलक्या यंत्रांचा संग्रह करणाऱ्यांच्या दृष्टीने नाणे टाकल्यावर वाजणाऱ्या फोनोग्राफाइतके दुर्मिळ आणि त्याचबरोबर संशयास्पद असे दुसरे यंत्र क्वचितच सापडेल. या दोन्ही गुणांचे मूळ एकच आहे. हे यंत्र घरात ठेवण्यासाठी बनविलेले नव्हते. मद्यगृहे, नौकांच्या धक्क्यावरील प्रतीक्षालये, जत्रा अशा ठिकाणी ते दिवसभर अनोळखी हातांच्या स्वाधीन असे. ते लवकर झिजे, आणि नवा नमुना बाजारात आला की मालक जुने यंत्र मोडीत काढी. घरगुती फोनोग्राफाला निदान माळ्यावर तरी आश्रय मिळे. याला तोही मिळाला नाही. जे थोडे नग वाचले त्यांची किंमत चढत गेली, आणि किंमत चढली तसे घरगुती यंत्राला नाण्याची खाच पाडून ते मूळचे म्हणून विकणारेही निपजले.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या प्रकरणात का पडावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे एक उत्तर असे की, जुना उच्चार ऐकावयाचा तर ध्वनिमुद्रिकेवाचून गत्यंतर नाही, आणि ध्वनिमुद्रिकेचा पुरावा ती वाजविणाऱ्या यंत्रावर अवलंबून असतो. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. यंत्राचा अस्सलपणा ठरविण्याची रीत आणि पोथीचा पाठ ठरविण्याची रीत या तत्त्वतः भिन्न नाहीत. आणि पहिलीत जे घोटाळे होतात ते दुसरीत मुरलेल्या माणसाला चटकन ओळखू येतात.

प्रथम यंत्राविषयी. एडिसनने फोनोग्राफ शोधून काढला तो १८७७ साली. त्याचा मूळ हेतू करमणुकीचा नव्हता; कचेरीतील पत्रे सांगून उतरवून घेण्यासाठी हे यंत्र खपेल अशी त्याच्या व्यवसायाची अपेक्षा होती. ती सफल होत नाही असे दिसू लागल्यावर लुई ग्लास नावाच्या गृहस्थाने २३ नोव्हेंबर १८८९ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील पॅले रॉयाल या मद्यगृहात एक विजेवर चालणारा फोनोग्राफ नाण्याची सोय करून मांडला. त्याला कर्णा नव्हता. वैद्याच्या नळीसारख्या चार नळ्या होत्या, आणि ज्याने आपल्या नळीसाठी पाच सेंटांचे नाणे टाकले त्यालाच गाणे ऐकू येई. मेणाचे नळकांडे एकच, म्हणून गाणेही एकच. एवढ्या तुटपुंज्या साहित्यावर त्या यंत्राने पहिल्या सहा महिन्यांत हजार डॉलरांहून अधिक रक्कम मिळवून दिली. पुढे स्प्रिंगवर चालणारी यंत्रे आली. १९०६ साली जॉन गेबल याने चोवीस तबकड्यांतून निवड करू देणारे यंत्र काढले. प्रत्येक गाण्यास सुई आपोआप बदलण्याची योजनाही त्यात होती. १९२७ नंतर विजेने आवाज वाढविण्याची सोय या यंत्रांना लाभली आणि त्यातूनच ज्यूकबॉक्स जन्माला आला.

आपल्याकडे नाण्याचे यंत्र म्हटले म्हणजे रेल्वेच्या फलाटावरील वजनाचा काटा आठवतो, किंवा मुंबईच्या इराणी उपाहारगृहांतील ज्यूकबॉक्स. (यातील 'ज्यूक' हा शब्द अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील कृष्णवर्णीयांच्या मिश्रभाषेतून आलेला समजला जातो.) जाता जाता एक गंमत नोंदवावीशी वाटते. 'मुद्रा' म्हणजे ठसा आणि मुद्रा म्हणजे नाणेही. तेव्हा मुद्रा टाकून मुद्रिका वाजविणारे यंत्र असे त्याचे वर्णन मराठीत सहज होऊ शकते. इंग्रजीला हा श्लेष साधणार नाही.

आता चिकित्सेकडे वळू. पोथीचा काळ ठरविताना आपण तिच्यातील सर्वांत जुना शब्द पाहत नाही, सर्वांत अलीकडचा पाहतो. यादवकालीन म्हणविणाऱ्या ग्रंथात पेशवाईतील प्रशासनाचा शब्द आला, तर निदान तेवढा भाग तरी पेशवाईपूर्वीचा नव्हे. ही त्याची पूर्वमर्यादा. यंत्राचेही तसेच. एडिसनच्या यंत्रावर एक धातूची पट्टी असे व तीवर एकस्वांच्या तारखा ओळीने कोरलेल्या असत. या तारखांपैकी शेवटची तारीख म्हणजे यंत्राची पूर्वमर्यादा. विक्रेता पहिल्या तारखेकडे बोट दाखवितो. अभ्यासकाने शेवटची वाचावी. खाचांचे प्रमाणही असेच बोलके आहे. आरंभीच्या नळकांड्यावर इंचाला शंभर खाचा असत व ते सुमारे दोन मिनिटे वाजे; इंचाला दोनशे खाचांचे चार मिनिटांचे नळकांडे १९०८ साली आले. ज्या यंत्रात दोनशे खाचांना जुळणारे दंतचक्र मूळचेच बसविलेले आहे, ते १८९५ चे असू शकत नाही, मग त्याची पेटी कितीही काळवंडलेली असो.

स्क्रू ही सर्वांत क्षुल्लक वस्तू, आणि म्हणूनच सर्वांत प्रामाणिक साक्षीदार. बनावट करणारा पेटीच्या नक्षीवर महिना घालवील, परंतु तळाच्या फळीला जवळच्या दुकानातले स्क्रू मारील. ज्याला आपले मिस्त्री स्टार स्क्रू म्हणतात तो फुलीच्या डोक्याचा स्क्रू फिलिप्स याच्या १९३० च्या दशकातील एकस्वांनंतर प्रचारात आला. क्रोमियमचा निळसर झगझगीत मुलामा व्यापारात रुळला तो १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्यापूर्वीचा मुलामा निकेलचा, किंचित पिवळसर झाक असलेला. झीज कोठे आहे हेही पाहावे. माणसाचा हात चावीपाशी, झाकणाच्या कडेपाशी आणि नाण्याच्या खाचेपाशी जातो, पेटीच्या पाठीमागे जात नाही. रसायनाने आणलेले म्हातारपण मात्र सर्वत्र सारखे पसरलेले असते.

नाण्याच्या यंत्रात याखेरीज एक स्वतंत्र कसोटी आहे, ती खुद्द नाण्याची. खाचेची रुंदी, नाणे घरंगळण्याचा मार्ग आणि ज्या तरफेवर ते पडते तिचा तोल, ही तिन्ही एका विशिष्ट नाण्यासाठी जुळविलेली असतात. अमेरिकेचे पाच सेंटांचे नाणे सुमारे एकवीस मिलिमीटर व्यासाचे आणि पाच ग्रॅम वजनाचे. ब्रिटिश पेनी सुमारे एकतीस मिलिमीटर व्यासाची. आता एखाद्याने सांगितले की, हे यंत्र १८९५ साली मुंबईत एकेका आण्यावर चालत असे, तर यंत्र उघडण्याचेही कारण नाही. आणा हे हिशेबातले परिमाण जुने खरे, परंतु ब्रिटिश हिंदुस्थानच्या चलनात एक आण्याचे स्वतंत्र नाणे १९०६ च्या नाणेकायद्यानंतर आले. शिवाय ते बारा पाकळ्यांच्या कडेचे होते. गोल नाण्यासाठी केलेल्या उतरणीवरून ते गोल नाण्यासारखे घरंगळणार नाही. नाणे शेकडो वेळा गेलेल्या मार्गावर धातू गुळगुळीत होतो. खाच झिजलेली पण आतील उतरण कोरी असेल, तर खाच कानशीने झिजविली आहे असे खुशाल समजावे. यंत्राच्या पोलादी बैठकीवर निष्कारण भोके आढळली तर ती बैठक पूर्वी दुसऱ्या पेटीत बसलेली होती. घरगुती यंत्र नाण्याच्या पेटीत घातले आहे हे बहुधा याच भोकांवरून उघडकीस येते.

मुंबईच्या चोरबाजारात असे नाण्याचे फोनोग्राफ सापडत नाहीत म्हटले तरी चालेल. तेथे सापडतो तो कर्ण्याचा ग्रामोफोन, आणि त्याची नवी घडण इतकी सर्रास होते की परदेशी संग्राहकांनी तिला एक चेष्टेचे नावही ठेवले आहे. कमळाच्या पाकळ्यांचा पिवळाधमक पितळी कर्णा, अष्टकोनी किंवा चौकोनी पेटी, तीवर कुत्र्याच्या चित्राचा भला मोठा बिल्ला, आणि आत प्रवासी पेटीतून काढलेले यंत्र, असे हे कडबोळे असते. शोभेची वस्तू म्हणून कोणी घेतली तर त्यात गैर काही नाही. गैर आहे ते तिला १९०५ ची म्हणणे. मूळ कंपनीचे नाव डिसेंबर १९०० पासून १९०७ पर्यंत ग्रामोफोन अँड टाइपरायटर असे होते, आणि तिच्या तबकड्यांवर त्या काळात लेखणी धरलेल्या देवदूताचे चित्र असे. कुत्रा तबकडीवर आला तो १९०९ च्या सुमारास.

त्या कुत्र्याच्या चित्राचाही एक पाठभेद आहे, तो येथे सांगण्याजोगा आहे. फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराने कुत्रा प्रथम रंगविला तो नळकांड्याच्या फोनोग्राफापुढे बसलेला. १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने चित्र घेण्याची तयारी दाखविली ती आपले यंत्र त्यात घालण्याच्या अटीवर. तेव्हा बॅरॉडने फोनोग्राफावर रंग चढवून त्या जागी तबकडीचा ग्रामोफोन काढला. विशिष्ट प्रकाशात मूळच्या फोनोग्राफाची आकृती आजही त्या चित्रात रंगाखाली दिसते. तात्पर्य, अस्सलपणाची खूण म्हणून जगभर मिरविलेले हे चित्रच मुळात दुरुस्त केलेली प्रत आहे. म्हणून त्याला कोणी बनावट म्हणत नाही, कारण दुरुस्ती कोणी केली, केव्हा केली व का केली, हे सर्व नोंदलेले आहे.

येथे आपण मुद्द्यापाशी येतो. संग्राहक विचारतो, 'यंत्र अस्सल की नक्कल?' हा प्रश्नच सदोष आहे. शंभर वर्षे चाललेल्या यंत्रात स्प्रिंग बदललेली असणार, साउंडबॉक्समधील अभ्रकाचा पडदा फुटून नवा घातलेला असणार. ज्ञानेश्वरी १२९० ची. तिच्यात शिरलेले अपपाठ काढून एकनाथांनी शके १५०६ म्हणजे १५८४ साली ती शुद्ध केली, आणि तसे केल्याचे ग्रंथाच्या शेवटी नमूद करून ठेवले. ही दुरुस्ती. कोणी आपली ओवी गुपचूप ज्ञानदेवांच्या नावावर घुसडली, तर तो प्रक्षेप. दोहोंत मजकूर बदलतोच; फरक आहे तो नोंदीचा. यंत्राच्या प्रत्येक अवयवाला स्वतंत्रपणे वय विचारले पाहिजे, आणि मग त्या वयांचा मेळ एका विश्वसनीय हकीकतीशी बसतो की नाही ते पाहिले पाहिजे.

ठाण्यातील खोपट भागातील एका कुटुंबाच्या ग्रामोफोनाची तपासणी करण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला, ती या दृष्टीने बोधक ठरली. (खोपट म्हणजे झोपडे. एस्.टी.च्या आगारामुळे ठाणेकरांच्या तोंडी असलेल्या या भागात आता नावाला साजेसे झोपडे शोधावे लागेल.) जुने घर पाडून तेथे इमारत व्हावयाची होती, आणि माळा रिकामा करताना कर्ण्याचा ग्रामोफोन व तबकड्यांची एक पेटी खाली आली. पणजोबांनी १९१२ साली घेतलेला हा 'फोनू', अशी घरातील परंपरा. पाहणीत आढळले ते असे. पेटी सागवानी, तळाला फुलीचे स्क्रू. यंत्र प्रवासी पेटीतले. साउंडबॉक्स अभ्रकाचा नसून धातूच्या पडद्याचा, म्हणजे १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापूर्वीचा नव्हे. कर्णा पातळ पितळेचा, आतून कोरा करकरीत. १९१२ चे असे त्यात काहीही नव्हते.

घरातील तरुण चिरंजीवांनी विचारले, "सर, मग हा खोटाच म्हणायचा का?" उत्तर देण्यापूर्वी आतील खोलीतून त्यांच्या आजींनी सांगितले, "अरे, मामंजींची पेटी पावसाने फुगून फुटली होती. आणीबाणीच्या वर्षी ह्यांनी मुंबईहून दुसरी जोडून आणली. भोंगा तर नवाच घेतला." प्रत्येक अवयवाचे वय या एका वाक्याशी जुळत होते. हा प्रक्षेप नव्हता. दुरुस्ती होती, फक्त तिची नोंद आजींच्या स्मरणाखेरीज कोठेही नव्हती. संग्राहकाच्या लेखी त्या यंत्राला किंमत नाही. तथापि १९७५ साली, ट्रान्झिस्टर घरोघर झालेले असताना, एका कुटुंबाला जुन्या तबकड्या ऐकण्यासाठी मुद्दाम यंत्र जोडून घ्यावेसे वाटले, याचा तो अस्सल पुरावा आहे. (कर्णा हे मूळचे रणवाद्याचे नाव आजींच्या बोलीत मागे पडून त्या जागी 'भोंगा' आला आहे, हेही टिपून ठेवले.)

त्या घरातील खरी जुनी ठेव यंत्र नव्हे, तबकड्या होत्या. नाट्यपदे बरीच, मुंबईच्या 'यंग इंडिया' शिक्क्याच्या काही, आणि संवादरूप विनोदी नकलांच्या दोन. भाषेच्या अभ्यासकाला नकलांच्या तबकड्या पदांपेक्षा मोलाच्या, कारण गायनात स्वराला लांबी व उंची गाण्याने दिलेली असते, बोलण्यात ती भाषेची असते. माळ्यावरून खाली आल्यापासून गेले दोन महिने पाहुण्यारावळ्यांना ऐकविण्यासाठी याच तबकड्या त्या यंत्रावर, एकाच जुन्या सुईने, वाजविल्या जात होत्या. पोलादी सुई एका बाजूपुरतीच असते. ती झिजते आणि मग छिन्नीसारखी खाच कापीत जाते. त्यात बेतशुद्ध नसलेल्या दांड्यामुळे साउंडबॉक्सचे शंभर ग्रॅमहून अधिक वजन खाचेच्या एका भिंतीवर पडत होते. वारसा म्हणून जे यंत्र दिवाणखान्यात मांडले होते, तेच खरा वारसा किसून टाकीत होते.

तबकडीच्या साक्षीलाही मर्यादा आहेत, आणि त्या माहीत असणे हीच पुढे कसोटी ठरते. नोव्हेंबर १९०२ मध्ये गैसबर्ग याने कलकत्त्यास गौहरजान इत्यादिकांचे गाणे उतरविले तेव्हापासून १९२५ पर्यंत सर्व ध्वनिमुद्रण कर्ण्यातून होत असे, मायक्रोफोन नव्हता. गायकाने तोंड कर्ण्यापाशी न्यावे व आवाज चढवावा, तेव्हा सुई मेणात खाच उमटवी. अशा मुद्रणात सेकंदाला सुमारे अडीच हजार आवर्तनांच्या वरचे फारसे काही उमटत नाही. आता मराठी 'स' च्या घर्षणाचा मुख्य भाग चार हजारांच्याही वर असतो. 'चार' मधला तालव्य च आणि 'चाक' मधला दंततालव्य च यांतील भेदाचा मोठा अंश याच वरच्या पट्ट्यात असतो. म्हणून १९१० च्या तबकडीवरून एखादा नट कोणता च उच्चारीत असे, हे घर्षणाच्या आवाजावरून सांगता येत नाही. लगतच्या स्वराच्या वळणावरून अंदाज करावा लागतो. उलट, १९२५ पूर्वीची म्हणून पुढे केलेल्या ध्वनिमुद्रणात स, श स्वच्छ सळसळत असतील, तर ते ध्वनिमुद्रण तरी त्या काळचे नाही, किंवा त्यावर मागाहून संस्कार झाले आहेत.

२०१२ साली पुण्यात लोकमान्य टिळकांचा आवाज म्हणून एक ध्वनिमुद्रण प्रकाशात आले. ते १९१५ च्या गणेशोत्सवात, गायकवाड वाड्यात, भास्करबुवा बखले यांच्या गायनप्रसंगीचे असल्याचे सांगण्यात आले. टिळकांचा आवाज ऐकण्याची ओढ कोणा मराठी माणसाला नसेल? पण ओढ जितकी मोठी तितकी तपासणी कडक हवी. कर्ण्याच्या युगात जनसमुदायाला उद्देशून बोलणाऱ्या वक्त्याचा आवाज कसा पकडला, यंत्र कोणते, कर्णा कोठे होता, हे प्रश्न प्रथम येतात, आणि त्यांची उत्तरे नकलेवरून नव्हे, मूळ मुद्रिका हातात घेऊनच द्यावी लागतात.

वेगाचा प्रश्न त्याहून व्यापक आहे. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते असे आपण धरून चालतो. पण आरंभीच्या मुद्रिका सत्तरपासून ऐंशीपर्यंत निरनिराळ्या वेगांनी उतरविलेल्या आहेत. ७४ ची तबकडी ७८ ने वाजविली तर आवाज जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो, आणि त्याबरोबर स्वरांची सारी अनुनादस्थाने पाच टक्क्यांनी वर सरकतात. ग्रियर्सन यांच्या भाषिक पाहणीच्या (१९०३-१९२८) जोडीने प्रांतिक सरकारांच्या साहाय्याने ज्या भाषांच्या ध्वनिमुद्रिका तयार झाल्या, त्या आज शिकागो विद्यापीठाच्या संग्रहातून सर्वांना ऐकता येतात. त्यांवरून स्वरांची मोजमापे घेणाऱ्या विद्यार्थ्याने वेग तपासल्यावाचून एकही आकडा लिहू नये.

ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. १९७२ च्या पुराणवस्तू व कलानिधी अधिनियमान्वये ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांची वस्तू पुराणवस्तू ठरू शकते, आणि पुराणवस्तू परदेशी नेण्यास खाजगी व्यक्तीस मनाई आहे. १९२० च्या दशकातील यंत्रे आता या मर्यादेत येऊ लागली आहेत. यंत्राला नवी झिलई देऊ नये. एखादा अवयव बदलावाच लागला, तर जुना फेकू नये. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत (१९१९-१९६६) प्रक्षिप्त श्लोक नष्ट केले नाहीत, तळटीपांत व परिशिष्टांत ठेविले. काढलेला भाग पिशवीत घालून, तारीख व कारीगराचे नाव लिहून, त्याच पेटीत ठेवावा. घरातील वृद्धांना यंत्र कोठून आले, केव्हा दुरुस्त झाले, त्याला काय म्हणत असत, हे विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ध्वनिमुद्रिका-संग्राहकांच्या संस्थेने आपल्या नियतकालिकातून अशी माहिती पुष्कळ जतन केली आहे.

खोपटच्या तबकड्या त्या यंत्रावर वाजविणे आता बंद झाले आहे. त्या काही ग्रॅम वजनाच्या, योग्य जाडीच्या सुईने एकदाच वाजवून उतरवून घ्यावयाच्या आहेत. तोवर त्या एकीवर एक न रचता उभ्या ठेवल्या असून, मऊ कोरड्या फडक्याखेरीज दुसऱ्या कशानेही पुसू नयेत असे घरच्यांना सांगितले आहे. स्पिरिट तर मुळीच लावू नये; तबकडी लाखेची असते आणि लाख त्यात विरघळते.